दहा आठवडे झाले, डिंक्या काही खात नाही (बॉल पायथन, नर, साडेचार वर्षं)

माई_मिनेसोटा
११ जानेवारी, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इथे साप पाळणारं कुणी असेल तर कृपा करून वाचा. इंग्रजीत विचारायला बसले की काळजीतलं निम्मं मनातच राहतं, म्हणून मराठीत लिहिते आहे.

आमच्याकडे एक बॉल पायथन (अजगरकुळातला साप) आहे, नाव डिंक्या. वेटोळं घालून बसला की अंगावरचे तांबूस-काळे डाग अगदी डिंकाच्या लाडवासारखे दिसतात, म्हणून माझ्या मुलाने ते नाव ठेवलं. साप खरं तर मुलाचा. तो ऑगस्टमध्ये मॅडिसनला कॉलेजला गेला. हॉस्टेलवर साप चालत नाही, तेव्हा डिंक्या माझ्याकडे राहिला. जाताना मुलाने एका वहीत सगळं लिहून दिलं: पाणी रोज बदल, दर दोन आठवड्यांनी एक उंदीर, खाल्ल्यावर दोन दिवस हात लावू नकोस. सप्टेंबर-ऑक्टोबर सगळं त्या वहीबरहुकूम चाललं. २ नोव्हेंबरला त्याने शेवटचा उंदीर घेतला. त्यानंतर आज दहा आठवडे झाले, पोटात काही नाही.

मी फ्रीझरमधला उंदीर आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवते. संध्याकाळी पिशवीत घालून कोमट पाण्यात सोडते, मग लांब चिमट्याने त्याच्यासमोर धरते. तो काचेच्या टाकीतल्या लपायच्या गुहेतून डोकं बाहेर काढतो. जीभ दोन-चार वेळा लवलवते. उंदराच्या नाकापासून दोन बोटांवर येऊन थांबतो, आणि मग अगदी सावकाश मान वळवून परत आत जातो. ते मान वळवणं मला बघवत नाही. जेवायला बसलेलं माणूस ताटावरून उठून गेल्यासारखं वाटतं.

आधी दर रविवारी देऊन पाहत होते. डिसेंबरपासून राहवेना म्हणून दर तिसऱ्या दिवशी देते. आतापर्यंत सतरा उंदीर वाया गेले.

काय काय बदललं तेही सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. ऑक्टोबरच्या शेवटी माझी आई भारतातून सहा महिन्यांसाठी आली. तिला मुलाची खोली दिली, त्यामुळे ५ नोव्हेंबरला टाकी खाली बेसमेंटमध्ये हलवली, कपडे धुण्याच्या मशिनच्या बाजूच्या टेबलावर. तिथे गारठा असतो (इथे बाहेर सध्या उणे वीस आहे), म्हणून मी टाकीतल्या काथ्याच्या भुशाचा थर वाढवला. पूर्वी बोटभर होता, आता चांगला चार बोटं आहे. खालून गरम करणारी मॅट चालू आहे, काचेवर चिकटवलेला गोल तापमापक ८८ फॅरनहाइट दाखवतो, मुलाने लिहून दिलेलंच तापमान. पाणी पितो. तोंडातून फेस नाही, आवाज नाही.

वजन ऑक्टोबरच्या अखेरीस १,३४० ग्रॅम होतं. आज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर डब्यात ठेवून केलं, १,२६२ भरलं. मागच्या हिवाळ्यातही त्याने पाच आठवडे खाल्लं नव्हतं, मुलगा म्हणतो नर असं करतात. पण पाच आठवडे वेगळे आणि दहा वेगळे.

आई आमची शिराळा तालुक्यातली. नागपंचमीला विळीला हात लावायचा नाही, तवा चढवायचा नाही, जमीन खणायची नाही, हे सगळं मी तिच्या हाताखाली शिकले. तिच्या लहानपणी गल्लीत घरोघरी जिवंत नाग पूजेला यायचे. ती रोज सकाळी बेसमेंटच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून टाकीला हात जोडते, त्याहून पुढे जात नाही. वाटीत दूध-लाह्या ठेव म्हणते. ते मी केलेलं नाही. पण तिचं दुसरं बोलणं मनातून जात नाही. म्हणाली, "पोरगं घर सोडून गेलं, म्हणून जेवत नसंल गं." डिसेंबरात मुलगा दोन आठवडे घरी होता, त्यानेही दोनदा देऊन पाहिलं, तरी खाल्लं नाही. तर आई म्हणते, आता रुसलाय.

साप माणूस ओळखतो का? आणि मी आता नेमकं काय करू? जवळच्या दवाखान्यात साप बघत नाहीत. मुलाला रोज "बरा आहे" एवढंच कळवते, कारण त्याने तिथे बसून काळजी करून काय होणार. माझ्या भरवशावर ठेवून गेलाय तो.


कॅलगरीचा_अण्णा
१२ जानेवारी, सकाळी ७.१५

माई, घाबरू नका. माझ्याकडे चौदा वर्षं बॉल पायथन आहेत, सध्या तीन. तुमचं लिहिणं इतकं व्यवस्थित आहे की बरंचसं इथे बसूनच कळतंय.

आधी वजन. १,३४० वरून १,२६२ म्हणजे ७८ ग्रॅम गेले, सहा टक्क्यांच्या आतच. मोठ्या, धडधाकट सापाचं दहा टक्क्यांपर्यंत उतरलं तरी मी नजर ठेवतो, धावपळ करत नाही. दहाच्या पुढे गेलं तर मात्र डॉक्टर. तुमच्या डिंक्याच्या बाबतीत ती रेघ १,२०६ ग्रॅमवर येते. वहीत लिहून ठेवा.

नर असं करतात हे मुलगा बरोबर सांगतो. हे साप मूळचे पश्चिम आफ्रिकेतले, घाना, टोगो, बेनिन त्या बाजूचे. उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत राहतात. प्रजननाचा हंगाम आला की वयात आलेले नर कित्येकदा खाणं सोडतात, पाळलेल्यांमध्ये हे बहुतेक हिवाळ्यात दिसतं. माझा मोठा नर एका वर्षी ऑक्टोबरअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत उपाशी होता. १,५१० चा १,४२५ झाला, मग एका रात्री असं खाल्लं की जणू काल जेवला होता.

पण "नर आहे, सोडून द्या" एवढ्यावर मी थांबणार नाही, कारण चार बोटं भुसा हे वाचून मी तिथेच अडखळलो. तुमची मॅट काचेच्या खाली आहे ना? मॅट चालू-बंद करून तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटचा प्रोबही, म्हणजे त्याचं तापमान मोजणारं टोक, बहुधा काच आणि मॅटच्या मध्ये अडकवलेला असेल. मग थर्मोस्टॅट त्या काचेचं तापमान राखतोय. मधे चार बोटं काथ्या. काथ्या म्हणजे उष्णता अडवणारी गादी. खालची ऊब वर डिंक्यापर्यंत पोचतच नसेल. काचेवरचा गोल काटा तर विसरा. तो हवेचं तापमान सांगतो, तेही त्याला वाटेल ते. हार्डवेअरच्या दुकानात लेझरचा टेंपरेचर गन मिळतो. तो आणा आणि भुशाच्या वरच्या अंगाला, तो बसतो त्या गुहेच्या आत, नेम धरून मोजा. गरम बाजूची जमीन ८८ ते ९० फॅरनहाइट हवी (३१-३२ सेल्सिअस), गार बाजू ७६ ते ७८ (२४-२५). खाणं पचवायला सापाला बाहेरची ऊब लागते. ऊब नसली तर गिळलेला उंदीर पोटात सडतो, म्हणून थंडीतला साप खातच नाही. त्याचं शरीर त्याला बरोबर सांगतं.

दुसरं, दमटपणा मोजा, प्रोबवाल्या डिजिटल मीटरने. आपल्याकडे या दिवसांत हीटर चोवीस तास चालू, हवा पापडासारखी कोरडी. त्याला साठ-सत्तर टक्के लागतो.

तिसरं, दर तिसऱ्या दिवशी देणं आजपासून बंद करा. हे मी कळकळीने सांगतो. प्रत्येक वेळी झाकण उघडतं, दिवा लागतो, तोंडासमोर काहीतरी हलतं, त्याला लपावं लागतं. दोन आठवडे फक्त पाणी बदला. टाकी मशिनजवळून हलवा, कपडे पिळताना येणारी थरथर त्याला अख्ख्या अंगाने जाणवते.


निनाद_बेएरिया
१२ जानेवारी, सकाळी ९.५०

मामी, फ्रीझरमधलं खाऊन कंटाळला असेल. दुकानातून एक जिवंत उंदीर आणा आणि रात्रभर टाकीत सोडून द्या. माझ्या रूममेटचा साप असाच सुरू झाला होता. शिकार हलताना दिसली की भूक लागतेच.


ठाण्याची_पशुवैद्य
१२ जानेवारी, सकाळी ११.२०

निनाद, तुमचा हेतू चांगला आहे, पण हे कुणीही करू नये. भूक नसलेल्या सापाजवळ जिवंत उंदीर रात्रभर राहिला तर उंदराला भूक लागते. माझ्या टेबलावर अशी एक मादी आली होती. पाठीवर हाताच्या तळव्याएवढी जागा कुरतडलेली, मधे मणका दिसत होता. ती पळाली नाही, उलटून चावली नाही, गोळा होऊन पडून राहिली. बॉल पायथनचा स्वभावच तसा आहे. घाबरला की डोकं मधे घालून गोळा होतो, नाव त्यावरूनच पडलंय. दीड महिना मलमपट्टी केली. वाचली, पण त्या पट्ट्यावर दर कातेला कातडं अडकतं ते अजूनही.

माई, आता तुमच्याविषयी. अण्णांनी सांगितलं त्याच्याशी मी सहमत आहे. फक्त पुढची लक्षणं दिसली तर वजनाची वाट बघत बसू नका: श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा बुडबुड्यांचा आवाज, तोंड उघडं ठेवून मान वर धरून श्वास घेणं, ओठाच्या कडेला चिकट लाळ, हिरड्यांवर पिवळट पापुद्रा, खवल्यांच्या फटीत टाचणीच्या टोकाएवढे काळे किडे, किंवा पाठ छपरासारखी होऊन कणा वर आलेला. यातलं काहीही असलं तर सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरकडेच न्या. विद्यापीठांच्या पशुवैद्यकीय रुग्णालयांत असे डॉक्टर असतात, मिनेसोटा विद्यापीठाचं तसं रुग्णालय सेंट पॉलला आहे, फोन करून विचारा. आणि तोंड उघडून बळेच भरवायचा विचार मनातही आणू नका. त्यात जबडा दुखावतो, अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि खाणं म्हणजे संकट हे त्याच्या अंगात बसतं.

तुमच्या जिवाला थोडा आराम पडावा म्हणून एक सांगते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॉल पायथनसकट तीन जातींचे साप जवळपास सहा महिने अन्नाविना ठेवले होते. काही सापांनी आपला शरीरव्यापार ७२ टक्क्यांपर्यंत मंद करून घेतला. आपल्या पोटाची घड्याळं त्यांना लावून चालत नाही. अजगरकुळातल्या सापांचं आतडं उपासात बारीक होतं आणि जेवणानंतर पुन्हा वाढतं. म्हणूनच डिंक्या पुन्हा खायला लागेल तेव्हा पहिला घास नेहमीपेक्षा लहान द्या.

तुमच्या आईंच्या प्रश्नाचं उत्तर मी टाळणार नाही. साप जग वासाने ओळखतो. जीभ बाहेर काढून हवेतले कण गोळा करतो, टाळूतल्या इंद्रियाला लावतो. मुलाच्या हाताचा वास त्याच्या सवयीचा असणार. पण मुलगा ऑगस्टमध्ये गेला आणि डिंक्या सप्टेंबर-ऑक्टोबर दोन्ही महिने तुमच्या हातून जेवला. थांबला तो ५ नोव्हेंबरनंतर, टाकी हलल्यावर. तुमच्यावर तो रुसलेला नाही.


सर्पमित्र_पन्हाळा
१२ जानेवारी, रात्री ९.०५

माई, आजींना माझा नमस्कार सांगा. आमचं आजोळ कोकरूडचं, म्हणजे शिराळा तालुक्यातलंच. त्यामुळं त्या हात का जोडतात ते मला सांगायला नको.

पण दुधाचं तेवढं प्रेमानं समजावा. सापाला दूध पचत नाही. पंचमीच्या आधी गारुडी नागाला कितीतरी दिवस पाण्याविना ठेवायचे, त्यामुळं तो समोर येईल ते ओलं प्यायचा. लोकांना वाटायचं नागोबा दूध प्याला. त्यातले किती पुढं मेले ते कुणी बघायला गेलं नाही. मी अशा टोपल्यांतले नाग वन खात्याच्या लोकांबरोबर सोडवलेत. दात काढलेले, तोंडं सुजलेली. आजींना म्हणावं, पाण्याची स्वच्छ वाटी ठेवली की पूजा पोचली.

आणखी एक त्यांना आवडेल अशी गोष्ट. आपल्याकडची अजगराची मादी अंडी घातल्यावर त्यांच्याभोवती वेटोळं घालून जवळजवळ दोन महिने बसते. त्या दिवसांत शिकारीला जात नाही. गारवा वाढला तर अंगाचे स्नायू थरथरवून अंडी उबवते. उपास हा त्या जातीच्या रक्तातच आहे.

इथं भारतात वाचणाऱ्यांसाठी: आपल्या रानातला कुठलाही साप, धामण का असेना, घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. बॉल पायथनसारखे परदेशी साप असतील तर त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. माई अमेरिकेत आहेत, त्यांचं वेगळं. ही चर्चा वाचून कुणी शेतातला साप टाकीत घालू नये म्हणून लिहिलं.


माई_मिनेसोटा
१३ जानेवारी, रात्री ११.३०

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू ते कळत नाही. आकडे आधी देते.

काचेवरचा काटा: ८८.
काथ्याचा वरचा थर, गरम बाजूच्या गुहेत: ७७.
भुसा बाजूला सारून खालची काच: ९१.
गार बाजू, रात्री: ७०.
दमटपणा: २४ टक्के.

अण्णा, तुम्ही कॅलगरीत बसून सांगितलंत ते शब्दन् शब्द खरं निघालं. गन हातात धरून मी किती वेळ तो ७७ चा आकडा बघत उभी होते. त्याला थंडी वाजू नये म्हणून मी गादी जाड केली, आणि त्याच गादीमुळे तो सव्वादोन महिने गार जमिनीवर पडून होता. हे मनाला फार लागलं. मुलालाही आज फोन करून सगळं खरं सांगितलं. तो चिडला नाही. म्हणाला, मी घरी असताना मलाही मोजायचं सुचलं नाही गं आई.

आज केलेलं: भुसा परत बोटभर. टाकी वर जेवणाच्या खोलीत, आतल्या भिंतीला, खिडकीपासून लांब. तिन्ही बाजूंना काळा कागद. जाळीच्या झाकणाचा बराचसा भाग फॉइलने झाकला म्हणजे ओल टिकेल. उजेड न देणारा सिरॅमिकचा हीटर वरून लावला, त्याला वेगळा थर्मोस्टॅट. एका डब्याला भोक पाडून आत ओलं शेवाळ भरून ठेवलं. झोपताना गुहेतली जमीन ८९, गार बाजू ७७, दमटपणा ५८.

आईला दुधाचं सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, आमच्या गल्लीत यायचे ते नाग पुढं कुठं जायचे हे कधी विचारलंच नाही आम्ही. आज सकाळी तिने स्वतः वाटी विसळून पाणी भरून माझ्या हातात दिलं.


कॅलगरीचा_अण्णा
१४ जानेवारी, सकाळी ६.५०

माई, मनाला लावून घेऊ नका. ज्याला काळजी नाही तो गादी घालत नाही. आणि तुम्ही दोन दिवसांत जे केलंत ते करायला मला पहिल्या सापाच्या वेळी वर्ष लागलं.

आता २८ तारखेपर्यंत काही देऊ नका. देताना एवढं सांभाळा. या सापांच्या वरच्या ओठावर बारीक खाचा असतात, त्यांनी ते ऊब "बघतात". तेव्हा उंदीर नुसता कोमट नको. पिशवीतून काढल्यावर हेअर ड्रायरने त्याचं डोकं शंभर फॅरनहाइटच्या आसपास आणा, गनने मोजून. मायक्रोवेव्ह कधीच नाही. घरातले दिवे मालवून तास-दीड तास झाल्यावर द्या. तोंडावर नाचवू नका, गुहेच्या दारापाशी जमिनीलगत धरा, जिवंत उंदीर हुंगत जाईल तसा. पाच मिनिटांत घेतला नाही तर तिथेच बशीत ठेवून झोपायला जा, सकाळी उचला. नाही घेतला तर पुढचा पुन्हा दोन आठवड्यांनी.

डोळे निळसर, धुरकट झाले तर कात येतेय असं समजा. तेव्हा देऊच नका.


माई_मिनेसोटा
१ फेब्रुवारी, दुपारी ४.१०

अजून खाल्लेलं नाही. वजन १,२४१. पण सांगण्यासारखं आहे म्हणून लिहिते.

१९ तारखेला डोळे निळसर झाले, त्यामुळे अण्णांच्या सांगण्याप्रमाणे २८ ला उंदीर दिलाच नाही. त्याच रात्री त्याने कात टाकली. मागच्या दोन काता मुलाने तुकड्यातुकड्यांनी, ओल्या फडक्याने सोडवल्या होत्या. ही अखंड निघाली, मोज्यासारखी उलटी, शेपटीच्या टोकापर्यंत. शेवाळाच्या डब्याच्या तोंडाशी पडली होती, अजून ओलसर. मी ती टेबलावर पसरली. डोक्याच्या जागी डोळ्यांवरच्या दोन गोल टिकल्या, अभ्रकाच्या पापुद्र्यासारख्या, दोन्ही शाबूत. ओठावरच्या त्या खाचाही दिसतात, अण्णा, रांगेत, सुईच्या टोकाने टोचल्यासारख्या.

आई खुर्चीवर बसून बघत होती. मग उठली, पदराला हात पुसले आणि कात दोन्ही हातांवर घेतली. किती हलकी आहे, म्हणाली. माझ्या आठवणीत तिने सापाच्या कुठल्याही गोष्टीला हात लावल्याची ही पहिली वेळ. आता ती तिच्या पोथीच्या डब्यात ठेवली आहे, परत जाताना गावी नेणार म्हणते. विमानतळावर काय करायचं ते मी नंतर बघेन.

पुढचा उंदीर ११ ला देते.


ठाण्याची_पशुवैद्य
२ फेब्रुवारी, सकाळी १०.००

अखंड कात ही फार चांगली खूण आहे, माई. अंगात पाणी पुरेसं आहे आणि ओलही बरोबर साधली आहे. तीन आठवड्यांत २१ ग्रॅम म्हणजे उतार किंचित मंदावलाय. पूर्वी आठवड्याला जवळपास आठ ग्रॅम जात होते. थांबा, चांगलं चाललंय.


माई_मिनेसोटा
१ मार्च, सकाळी ८.२५

खाल्लं.

११ फेब्रुवारीला दिला तेव्हा गुहेच्या दारापर्यंत येऊन बघून गेला. बशीत ठेवलेला सकाळी तसाच होता. परवा, २७ ला, पुन्हा दिला. त्याआधीचं वजन १,२३१. उंदीर मुद्दाम लहान, ५५ ग्रॅमचा. दिवे साडेसातला मालवले. आई आणि मी स्वयंपाकघरात अंधारातच बसलो होतो, ती जपमाळ ओढत होती. नऊ वाजता ड्रायरने उंदराचं डोकं गरम केलं, ९९ आलं.

दाराशी धरला. डिंक्याचं डोकं बाहेर आलं, जीभ लवलवली, आणि या वेळी ती लवलवायची थांबली. मान किंचित मागे गेली, इंग्रजी एस अक्षरासारखी. मी श्वास रोखून धरला. मग मला काही दिसायच्या आत चिमट्याला हिसका बसला आणि उंदराभोवती दोन वेढे पडले. ११७ दिवसांनी. वेढे आवळताना काथ्याचा बारीक खसखस आवाज येत होता, तेवढाच. सात-आठ मिनिटं धरून ठेवला, मग वेढे सैल केले आणि नाकापासून गिळायला लागला. शेपूट आत गेली तेव्हा घड्याळात ९.४० झाले होते. मग त्याने मोठी जांभई दिली, जबडा जागेवर बसवला आणि आत गेला.

मुलाला व्हिडिओ कॉल लावायचं सुचलंच नाही. नंतर फोन केला तर तो लायब्ररीतून बाहेर येऊन मोठ्याने ओरडला. आईने रात्रीच देवापुढे साखर ठेवली.

आता विचारायचं ते असं: पुढचा केव्हा देऊ? वहीत दोन आठवडे लिहिलंय, पण इतके दिवस उपाशी होता तर आठवड्याने दिला तर चालेल का? आणि आकार तोच ठेवू का वाढवू?


कॅलगरीचा_अण्णा
१ मार्च, सकाळी ९.००

वाचून माझेही डोळे भरले, माई.

आठवडा नको. दहा-बारा दिवस जाऊ द्या, आणि पुढचे दोन उंदीर याच आकाराचे. तिसऱ्यापासून नेहमीचा. भरून काढायच्या घाईत मोठा दिला तर उलटून टाकतो, आणि उलटी झालेला साप सावरायला फार वेळ लागतो. चार दिवस अजिबात हात लावू नका, वजनही नको. गुहेतलं तापमान रोज संध्याकाळी एकदा गनने बघत जा. विष्ठा पडली की ती घट्ट आहे का पातळ, तेवढं इथे कळवा.


माई_मिनेसोटा
१ मार्च, सकाळी ९.२०

कळवते. आत्ता गुहेत ८९ आहे.